प्रभाग चौदा : रिक्त

"एक चूक दाखवा! त्या पानावर फक्त एक चूक दाखवा, त्याच दिवशी हा लॅपटॉप भंगारात देतो आणि उरलेलं आयुष्य गप्प बसून काढतो!"

संदर्भकाका असं म्हणाले की काकू हातातलं काम थांबवून मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघायच्या. पण चूक कुणी दाखवत नव्हतं आणि काका काही गप्प बसत नव्हते.

ते पान म्हणजे इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशातलं त्यांच्या गावच्या नगरपरिषदेचं पान. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा असा असतो. अट एकच, की लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला छापील संदर्भ हवा. काकांनी तीस वर्षं नगरपरिषदेच्या सभांचं इतिवृत्त लिहिलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात, काका ज्ञानकोशात शिरले. रोज सकाळी दहाला ते सार्वजनिक वाचनालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसत, जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली उपसत आणि संध्याकाळी सहाला घरी परतत. एकतीस प्रभाग, एकतीस नगरसेवक, कोण कधी निवडून आलं, कुणी राजीनामा दिला, कुणी तो दुपारी परत घेतला, सगळं पानावर तारीखवार! सवय इतकी अंगात भिनली की घरीही सुटेना. "आज फार उकडतंय," असं काकू म्हणाल्या की काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "संदर्भ?" गल्लीने त्यांना संदर्भकाका हे नाव दिलं ते त्यावरूनच.

आता गर्वाला कारणही घडलं होतं. दोन महिन्यांपूर्वी नळाची तक्रार घेऊन आलेले एक गृहस्थ चुकून सभागृहात शिरले, रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसले आणि बाकीच्यांचं बघून दोन ठरावांवर हात वर करून गेले! तिसऱ्या ठरावाला तर त्यांनी अनुमोदनही दिलं, आणि चांगलं बोलले म्हणे. चौकशी झाली तेव्हा कळलं की नगरपरिषदेच्या स्वतःच्या वेबसाइटवर अजून मागच्याच्या मागचं मंडळ कारभार करतंय, आणि त्यातले दोघे तर या जगातही नाहीत. सचिवांनी मग लेखी आदेश काढला, 'दारावरील रक्षकाने सदस्यांची खातरजमा ज्ञानकोशातील पानावरून करावी.' काकांनी त्या आदेशाची झेरॉक्स फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. त्यासाठी लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवावा लागला.

"नगरपरिषदेला स्वतःचे नगरसेवक माहीत नाहीत," ते पाहुण्यांना सांगायचे, "मला माहीत आहेत!"

त्यांच्या मार्गात काटा एकच होता. 'दक्ष' असं टोपणनाव घेतलेला कुणी एक इसम गेले आठ महिने त्यांच्याशी नगरपरिषदेच्या पायऱ्यांवरून भांडत होता. काकांनी जुन्या स्मरणिकेचा हवाला देऊन लिहिलं होतं की इमारतीला बत्तीस पायऱ्या आहेत. दक्ष ते खोडून तेहतीस करायचा. कारण काय, तर 'स्वतः मोजल्या'. काका परत बत्तीस करायचे आणि खाली लिहायचे, 'स्वतः मोजणे हा संदर्भ होत नाही.' त्यावर दक्षचं ठरलेलं उत्तर यायचं, 'आपल्या मताचा आदर आहेच, तथापि पायऱ्या तेहतीसच आहेत.' त्या 'तथापि'ने काकांचं डोकं फिरायचं. हा कुणीतरी निवृत्त प्राध्यापक असणार, असा त्यांचा अंदाज होता.

आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट होती. ती मात्र काका पाहुण्यांना सांगत नसत.

चार महिन्यांपूर्वी प्रभाग चौदाची पोटनिवडणूक झाली आणि तीत निवडून आल्या त्या काकांच्या विहीणबाई! लेकीच्या सासूबाई. आता ज्ञानकोशाचा नियमच आहे की आपल्या नातेवाइकांबद्दल आपण लिहायचं नाही. काकांनी तो नियम प्राणपणाने पाळला. 'प्रभाग चौदा : रिक्त' ही ओळ त्यांनी हातही न लावता तशीच ठेवली आणि चर्चापानावर विनंती लिहिली, 'कुणी त्रयस्थ सदस्याने ही नोंद करावी.' चार महिने झाले, त्रयस्थ काही उगवला नाही. काकांना रोज ती ओळ दिसायची आणि रोज आपल्या निःपक्षपातीपणाचा अभिमान वाटायचा.

तर असा तो मंगळवार उजाडला. अकरा वाजता सभा होती आणि सभेत एकच मोठा विषय होता. वाचनालय बंद करून त्या जागी वाहनतळ करायचा! पंधरा नगरसेवक वाहनतळाच्या बाजूचे, पंधरा वाचनालयाच्या. बरोबरी झाली की अध्यक्षांचं जादा मत, आणि अध्यक्षांना रोज गाडी लावायला जागा मिळत नव्हती. सगळी मदार विहीणबाईंच्या एकतिसाव्या मतावर होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या इतके दिवस घरीच होत्या. शपथ गेल्या आठवड्यात अध्यक्षांच्या दालनात झाली, ओळखपत्र अजून छपाईला होतं आणि आज त्यांची पहिलीच सभा होती. ग्रंथपालबाई वाचनालयाला कुलूप लावून प्रेक्षक कक्षात जाऊन बसल्या होत्या. काका मात्र तटस्थ राहायचं म्हणून घरीच येरझारा घालत होते. कोपऱ्यातलं ते टेबल, त्या फायली, सगळं जाणार या विचाराने त्यांना सकाळपासून पाणी गोड लागत नव्हतं.

साडेदहाला फोन वाजला.

"अहो, तुमच्या त्या पानावर मी का नाही?" विहीणबाईंचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता. "दारावरचा रक्षक म्हणतो, प्रभाग चौदा रिक्त आहे! मी काठी टेकत इथवर आले, घाम गाळून निवडून आले, आणि हा मला सांगतोय मी रिक्त आहे म्हणून!"

काकांची पाचावर धारण बसली. "त्यांना म्हणावं, सभागृहात फोन लावून विचारा!"

"बाकीचे कधीच आत जाऊन बसलेत आणि सगळ्यांचे फोन बंद! आत जाऊन विचार म्हटलं, तर म्हणतो दार सोडायची परवानगी नाही. अकराला दार बंद होतं, व्याही! तुम्ही येताय की मी याच्या डोक्यात काठी घालू?"

काका चपला उलट्यासुलट्या घालून सुटले. तीन गल्ल्या, एक चौक, आणि मग समोर नगरपरिषदेच्या पायऱ्या! जीव मुठीत धरून चढताना जुनी खोड जाईना, पाय आपोआप मोजू लागले. तीस... एकतीस... बत्तीस... आणि अजून एक पायरी शिल्लक! काका तिथेच थबकले. पण हा विचार करायची ती वेळ नव्हती.

दारात खुर्ची अडवी टाकून विहीणबाई बसल्या होत्या. शेजारी खाकी गणवेशातला रक्षक अदबीने पण पहाडासारखा उभा होता. काकांच्या निवृत्तीनंतर नोकरीला लागलेला, वय पन्नाशीचं, खिशाला दोन पेनं.

"अहो, या नगरसेविका आहेत," काका धापा टाकत म्हणाले. "मी सांगतो ना!"

"कशावरून?" रक्षकाने विचारलं.

"कशावरून काय? माझ्या विहीणबाई आहेत त्या!"

"म्हणजे तुम्ही नातेवाईक," रक्षक म्हणाला. "मग तुमचं म्हणणं धरताच येत नाही. आपल्या मताचा आदर आहेच, तथापि नातेवाइकाचा शब्द हा संदर्भ होत नाही."

काकांच्या कानात घंटा वाजली. ते रक्षकाच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"तथापि?" काका पुटपुटले. "तुम्ही... दक्ष?"

रक्षकाचेही डोळे विस्फारले. "म्हणजे ते बत्तीस पायऱ्यावाले तुम्ही?"

"तेहतीस आहेत," काका खालच्या आवाजात म्हणाले. "आत्ताच मोजल्या."

"स्वतः मोजणे हा संदर्भ होत नाही," रक्षक म्हणाला. आठ महिने मनात साठवून ठेवलेलं वाक्य होतं ते, आणि त्याला फार समाधान वाटलं.

"अहो, तुमचं गोत्र जुळलं असेल तर माझ्याकडे बघा!" विहीणबाईंनी काठी आपटली. "वीस मिनिटं उरलीत!"

काकांनी हात जोडले. "दादा, तुम्ही त्रयस्थ आहात. तुम्हीच ती ओळ बदला. बदललीत की पानावर नाव आलं, नाव आलं की आदेशाप्रमाणे यांना आत सोडता येईल."

रक्षकाने विचार केला. "बदलतो की! चार महिने तुमची विनंती वाचतोय. पण तुम्ही तिथे संदर्भच दिला नव्हता. छापील संदर्भ द्या, आत्ता बदलतो."

दुसऱ्यांकडे उठताबसता संदर्भ मागणाऱ्या माणसाने स्वतःच्या विनंतीला संदर्भ दिला नव्हता! काकांना भर उन्हात गारठल्यासारखं झालं. निकालाचं वर्तमानपत्र वाचनालयात होतं, पण वाचनालयाला कुलूप होतं, किल्ली ग्रंथपालबाईंच्या पर्समध्ये होती, आणि ग्रंथपालबाई फोन बंद करून आत बसल्या होत्या. आता उरला एकच अंक, घरचा. आणि तो कुठे होता हे काकांना पक्कं माहीत होतं, कारण त्यावरून काकूंशी मोठं भांडण झालं होतं.

त्यांनी घरी फोन लावला. "अगं, चमच्यांचा कप्पा! तळाला घातलेला पेपर काढ आणि धावत ये! नाहीतर वाचनालय गेलं समज!"

पलीकडून काही विचारणा नाही, वाद नाही. फोन खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

मग सुरू झालं वाट बघणं. पावणेअकरा झाले, अकराला दहा कमी झाले. विहीणबाई तापल्या होत्या आणि काकांकडे बघतसुद्धा नव्हत्या. आता लेकीला सासरी काय काय ऐकावं लागेल, याचाही काकांनी हिशेब मांडून पाहिला आणि सोडून दिला. अकराला आठ कमी असताना चौकातून खणखणाट ऐकू आला. रस्त्यावरचे लोक बाजूला होत होते. काकू येत होत्या! हातात पेपर नव्हता, आख्खा कप्पाच होता. चमचे, झारे, उलथनी, सोलाणं, सगळ्यांसकट!

"तेलाने चिकटलाय कागद," काकू शेवटच्या पायरीवर पोचत म्हणाल्या. "ओढला असता तर फाटला असता. म्हटलं, कप्पाच न्यावा!"

पायरीवर चमच्यांचा ढीग पडला. कप्प्याच्या तळाशी, तेलाच्या गोल डागाखाली, विहीणबाईंचा हसरा फोटो होता आणि वर ठळक अक्षरात 'प्रभाग चौदाची पोटनिवडणूक : महिला उमेदवार विजयी'. रक्षकाने आधी फोटोकडे पाहिलं, मग विहीणबाईंकडे.

"यात हसताय तुम्ही," तो संशयाने म्हणाला.

"आत सोड, मग हसते!"

रक्षक मोबाइलवर एका बोटाने लिहू लागला. काका त्याच्या खांद्यावरून बघत होते. सहा मिनिटं, पाच मिनिटं...

"आधी वर्तमानपत्राचं नाव, मग तारीख," काका म्हणाले.

"आधी तारीख," रक्षक म्हणाला. "नवीन पद्धत तशी आहे."

"कुठली नवीन पद्धत? सगळ्या पानावर आधी नाव आहे! एकसारखेपणा नको?"

"आपल्या मताचा आदर आहेच, तथापि..."

"दाबा ते बटण!" काकूंनी ढिगातला झारा उचलून असा काही आवाज लावला की आतल्या शिपायानेही दारातून डोकं बाहेर काढलं. रक्षकाने बटण दाबलं. मग शांतपणे पान नव्याने उघडलं, बोट फिरवत प्रभाग चौदावर आणलं, नाव वाचलं, दोन पावलं मागे सरला आणि कडक सलाम ठोकला.

"या, बाईसाहेब!"

विहीणबाई गुडघा विसरून आत गेल्या. त्यांच्या मागे दार बंद झालं तेव्हा अकराला दीड मिनिट बाकी होतं.

मग तिघंही पायरीवर बसून चमचे गोळा करत राहिले. पाऊण तासाने आतून बाकं वाजल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ग्रंथपालबाई धावत बाहेर आल्या. त्यांना हसू आणि रडू एकदमच येत होतं. "सोळा विरुद्ध पंधरा! वाचनालय राहिलं! राहिलं, काका!" काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे पुसले, रक्षकाचा हात धरला आणि म्हणाले, "तेहतीस करा हो. मी नाही खोडणार."

"संदर्भ मिळाला की करू," रक्षक म्हणाला, पण हसला.

विहीणबाई काठी टेकत बाहेर आल्या. मत देऊन आल्यावर त्यांचा राग पार उतरला होता. त्यांनी काकूंच्या हातातला कप्पा पाहिला, घामाने ओला झालेला चेहरा पाहिला आणि त्यांना भरून आलं.

"विहीणबाई, तुम्ही आख्खा कप्पा घेऊन तीन गल्ल्या धावलात! वाचनालयाचं एवढं प्रेम आहे तुम्हाला?"

"मी तर तिथे आजवर पाऊल टाकलेलं नाही," काकू म्हणाल्या. "गेल्या वर्षी रंगकामासाठी ते एकवीस दिवस बंद होतं आणि हे घरी होते. दहा ते सहा, माझ्या स्वयंपाकघरात. एकेक डबा उघडून विचारायचे, यात साखर आहे हे कशावरून? वाचनालय कायमचं बंद झालं असतं तर मी कुठे गेले असते, सांगा!"

रक्षक दुसरीकडे बघू लागला. ग्रंथपालबाईंनी रुमाल तोंडाला लावला. काकांनी सवयीने चष्मा खाली केला, बायकोकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मग ते पुन्हा मिटलं, कप्पा हातात घेतला आणि मुकाट्याने तेहतीस पायऱ्या उतरू लागले.