इंजिनाला पावडर

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या प्रमिलाअक्का दर रविवारी सकाळी आपल्या गाडीच्या इंजिनाला अंघोळ घालतात आणि मग पावडर लावतात.

अंघोळ डिझेलची. जुन्या टूथब्रशने, कानाकोपऱ्यातून. मग फडक्याने कोरडं करायचं आणि मग लहान बाळाची पावडर, सगळीकडून सारखी, हलक्या हाताने. तो पावडरचा डबा आणून द्यायचं काम माझ्याकडे आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा हसून विचारलं, "साहेब, नातू का नात?" माझा मुलगा अजून बारावीत आहे. मी काहीच बोललो नाही, आणि त्याने माझ्या गप्प बसण्याचा जो अर्थ काढला तो संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी कमी बोलतो. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून माणूस आणखी काय करणार. त्यात माझा एक दोष आहे: कुणीही कुणावरही रागावलं तरी चूक आपलीच असणार, असं मला आतून वाटत राहतं. अशा माणसाला जळगावात एवढी घरं असताना प्रमिलाअक्कांच्या समोरचंच घर मिळावं, हा अन्याय आहे. इतकी वर्षं मुकाट्याने सोसला, आज लिहून टाकतो. कारण अक्का सदैव रागावलेल्या असतात.

अक्का सरकारी दवाखान्यात वॉर्ड सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या, यजमान दत्तूभाऊ त्याच सुमाराला गेले, मूलबाळ नाही. मागे राहिली ती दोघांनी मिळून घेतलेली पांढरी गाडी. आता वॉर्ड नाही, पेशंट नाही, म्हणून अक्कांनी सगळं लक्ष गाडीवर एकवटलं. गाडीला दोन तक्रारी होत्या. एक, खालून काळं ऑइल गळायचं. दुसरी, सपाट रस्त्यावर ठीक, पण रेल्वेच्या पुलाचा चढ लागला की इंजिन गर्जायचं आणि गाडी जागच्या जागी कण्हायची. गॅरेजवाले याला पिकअप नाही म्हणतात. अक्का म्हणायच्या, "चढावर धाप लागते."

पावडर यासाठीच. इंजिन स्वच्छ करून पांढरं केलं आणि गाडी फिरवून आणली, की ऑइल जिथून पाझरतं तिथून काळा ओघळ उमटतो. "पांढऱ्यावर काही लपत नाही," अक्का म्हणतात. "वॉर्डात चादरी पांढऱ्या कशाला ठेवतात?"

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. तक्रार आहे ती गॅरेजांची. जळगावात असं एकही गॅरेज नसेल जिथे अक्कांनी भांडण केलं नाही आणि मी त्या भांडणाची माफी मागितली नाही. प्रसंग दर वेळी तोच. मिस्तरी बोनेट उघडतो, पावडर बघून दचकतो, बोनेट बंद करतो आणि म्हणतो, "अक्का, वय झालं गाडीचं. गळणारच. ऑइल टाकत राहा."

अक्का एरवी शहरी मराठी बोलतात. पण 'वय झालं' हे शब्द ऐकले की त्या थेट अहिराणीत उतरतात.

"वय हाई काय आजार शे का?"

"तसं नाही अक्का..."

"मग कसं? हात लाया का गाडीले? खाले वाकीसन दख्खं का? न तपासता निदान करस?"

मिस्तरी माझ्याकडे बघतो. मी म्हणतो, माफ करा भाऊ. अक्का मग माझ्याकडे वळतात. "तू कशाले माफी मागस? तू गळी राहिना का?"

एकाने प्लग बदलले. एकाने कार्बोरेटर धुतला. एकाने वरचं पॅकिंग बदललं, जिथे पावडर अगदी कोरडीठाक होती. ओघळ दर रविवारी त्याच जागी उमटायचा: खाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे. पण गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे दिवसभराची कंबरमोड. त्यापेक्षा वय झालं म्हणणं सोपं. हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मलाही आता राग यायला लागला आहे. संगतीचा परिणाम.

बरं, अक्कांचा हा राग गाडीपुरता राहिला असता तरी चाललं असतं. आमच्या मिक्सरचा आवाज वाढला तेव्हा बायको नुसतं म्हणाली, जुना झालाय. समोरचं दार उघडलं. अर्ध्या तासात मिक्सर सुटा होऊन आमच्या ओट्यावर पसरला होता. धरणगावला एका लग्नात तर कहर झाला. फुलांनी सजवलेल्या गाडीत नवरदेव बसणार, एवढ्यात अक्कांना गाडीखाली काळा डाग दिसला. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि नऊवारीवाल्या बायकांच्या घोळक्यात रस्त्यावर पालथ्या पडून गाडीखाली डोकावल्या. वाजंत्री थांबली. नवरदेवाचे मामा ओरडले, "अहो बाई, मुहूर्त टळेल." खालून आवाज आला, "मुहूर्त पुन्हा काढता येतो. इंजिन जाम झालं तर पाचोऱ्यापर्यंत नवरीला चालवत नेणार का?" ऑइल खरंच तळाला गेलेलं निघालं. तरी मामांनी आभार मानले नाहीत. ते माझ्यावर डाफरले. पर्स माझ्या हातात होती ना.

मी अक्कांना 'नाही' का म्हणत नाही, असं बायको विचारते. त्याचं कारण जिना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यानंतरच्या वळणावर थांबून खिशात किल्ली शोधायची मला सवय आहे, आणि नेमकं तेव्हाच वरून अक्कांचं दार उघडतं. "अरुण, रविवारी मोकळा आहेस ना?" त्या वळणावर नाही म्हणण्याएवढा दम माझ्यात नसतो.

तर असाच एक रविवार. अक्कांना कुणीतरी धुळ्याच्या सलीम मिस्तरींचं नाव सांगितलं. पावडर लावून आम्ही निघालो. पारोळ्यापर्यंत अक्का डॉक्टरांवर रागावल्या, पुढे धुळ्यापर्यंत मिस्तऱ्यांवर. मधले सगळे उड्डाणपूल गाडीने कण्हत पार केले आणि मागच्या ट्रकांनी आम्हाला भोंगे वाजवून हिणवलं.

सलीम मिस्तरी मान खाली घालून काम करणारे, साठीकडे झुकलेले. त्यांनी बोनेट उघडलं, पावडर पाहिली आणि तोंड उघडलं. "अक्का, गाडी पुरानी..."

अक्कांनी नुसतं पाहिलं.

"...पुरानी असली तरी बघून सांगतो," सलीम मिस्तरी म्हणाले. "पावडर कुणी लावली? माझं निम्मं काम केलंत."

असं वाक्य अक्कांना कुणीच कधी म्हटलं नव्हतं. त्या गोंधळल्या आणि उगीच माझ्यावर ओरडल्या, की पाण्याची बाटली गाडीतच का ठेवलीस.

सलीम मिस्तरींनी हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. खरं तर इंजिन धडकन बंद पडायला हवं होतं. ते मजेत घुरघुरत राहिलं.

"इंजिन ठणठणीत आहे अक्का. त्याची ताकद चाकांपर्यंत पोचतच नाही. क्लच घसरतोय."

"आणि गळती?"

"उघडल्यावर कळेल. पण मला वाटतं, दोन्ही एकच आहे."

दुपारपर्यंत गिअरबॉक्स खाली आला. सलीम मिस्तरींनी क्लच प्लेट आणून अक्कांच्या पुढे धरली. ऑइलने माखलेली, भज्यांच्या कागदासारखी. मागचं ऑइल सील गेलं होतं. त्यातून थेंब थेंब ऑइल प्लेटवर पडत होतं, प्लेट घसरत होती, आणि चढावर गाडीला धाप लागत होती. एवढंच. एक रबराचं कडं.

आता अक्का जळगावातल्या प्रत्येक मिस्तरीचा उद्धार करतील, म्हणून मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला लागलो.  पण अक्का तिथल्या एका जुन्या टायरवर बसल्या आणि ती प्लेट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. साडीला डाग पडत होते, त्याचंही भान नव्हतं.

मग म्हणाल्या, "हे जिन्यात थांबायचे."

'हे' म्हणजे दत्तूभाऊ, हे मला जरा उशिरा समजलं.

"त्याच वळणावर. चष्मा काढून पुसत उभे राहायचे. मी वरून हाक मारायची, काय झालं? तर म्हणायचे, काच धुरकट झाली. मी म्हणायची, वय झालं तुमचं, हळू चढा." अक्कांनी प्लेटवरून बोट फिरवलं. "दवाखान्यात दिवसभर लोकांच्या नाड्या बघायची मी. यांचा हात एकदा हातात घेतला नाही. मीच म्हणायची रे, वय झालं म्हणून. दुसऱ्या कुणी नाही."

सलीम मिस्तरींनी पाना खाली ठेवला आणि चहा सांगायला निघून गेले.

मी आयुष्यात कुणाला आपणहून काही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, विशेषतः तिला नाही, ती घाबरेल म्हणून. पण तिथे, त्या ऑइलच्या वासात, माझ्या तोंडून निघून गेलं.

"अक्का, मी जिन्यात किल्ली शोधत नसतो."

"माले मालूम शे," अक्का म्हणाल्या. अहिराणीत, पण रागावलेल्या नव्हत्या. "तू किल्ली उजव्या खिशात ठेवतोस. चाचपतोस डावा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू काय म्हणाला असतास?"

मी काय म्हणालो असतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेच दोन शब्द.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून," मी म्हणालो.

"छातीत दुखतं?"

"दुखत नाही. आवळल्यासारखं होतं. वळणावर थांबलो की जातं."

"आणि दर रविवारी मी तुझ्यापुढे बोंबलते, तरी..." त्यांचा आवाज चढला आणि मध्येच विरला. "गाडी सलीमभाऊ बघतील. आपण आत्ता इथल्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. रिक्षाने."

"अक्का, आज रविवार..."

"गप बस."

मला गप्प बसायला सांगायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. अक्कांनी प्लेट बाजूला ठेवली, हात पदराला पुसले. मग माझं मनगट उलटं करून त्यावर तीन बोटं टेकवली आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहू लागल्या. बोटं ऑइलने काळी होती आणि नखांत पावडर अडकली होती.

चहा आला, निवला. रिक्षा येऊन उभी राहिली. एक मिनिट केव्हाच संपलं असणार. अक्कांची नजर घड्याळावरून कधीच हटली होती, पण हात त्यांनी सोडला नव्हता.