शिवाप्पांची बेल

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी सकाळी दाराची बेल वाजली, तर मुलांनो, चहा टाकून उठायची घाई करू नका. दारात शिवाप्पा असतात आणि त्यांना काहीही नको असतं. "वाजतीय न्हवं? मग झालं!" एवढं बोलून ते शेजारच्या दाराकडे वळतात.

अप्पांचं जन्मभर विजेच्या सामानाचं दुकान. त्यांच्या मते जगात बिघाड दोनच. "एक तर करंट येत न्हाय, न्हायतर लई येतोय." राजकारण, पित्त, जावई, सगळं याच दोहोंत बसतं.

त्यांच्या बायकोला, गौराक्कांना, विसर पडू लागला तेव्हा ते या आजारावरचा एक इंग्रजी लेख घेऊन माझ्याकडे, शाळेतल्या बाईंकडे, आले. "बाई, मराठीत सांगा."

मी सांगितलं, मेंदूत सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे कचरा ओळखणारा भाग, असतो. कचरा त्याला लागला की पेशी कामाला लागते. रिसेप्टर बिघडला तर कचरा साचतो. उलट पेशी खवळलेल्याच राहिल्या तर सूज येते आणि धडधाकट पेशींचंही नुकसान होतं.

"बेलच की ही!" अप्पा खुलले. "वाजली न्हाय तरी वांदा, वाजतच ऱ्हायली तरी वांदा. मी काय म्हनत हुतो?" मग हळूच म्हणाले, "बदलून मिळंल?"

"अजून नाही, अप्पा. शोध चालू आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची फेरी सुरू झाली. एकदा मी वैतागलेच. "आमच्या बेलने गौराक्का बऱ्या होणार आहेत का?"

"न्हाय की. पर ती कुनाच्या दारात जाऊन हुबी ऱ्हाईल, काय नेम? बेल वाजाय पायजे."

परवा भर उन्हात गौराक्का स्वतःच्याच दारात अडून बसल्या. "हे आमचं घर न्हाय." मी समजावलं, तशा रागावून त्या रस्त्याकडे निघाल्या. अप्पा मात्र आत गेले आणि त्यांनी चक्क दार लावून घेतलं. मला संताप आला.

दार बंद झालेलं पाहून गौराक्का थबकल्या. परत फिरल्या. पदर नीट केला आणि बेल दाबली.

अप्पांनी दार उघडलं. डोक्यावर टोपी, हातात गूळ-पाणी. "या, या! लई दिसांनी येनं केलंत. उन्हातनं आलाय, आदी पानी घ्या."

गौराक्का उंबऱ्यातच घुटमळल्या. "घरात बाईमानूस हाय न्हवं?"

"हाय की," अप्पा म्हणाले. "जरा भाईर गेलीया. येईल. तवर बसा."