दिवा लागतो ना?

एका जंगलात एका टिटवीला आपलं अंडं गार लागलं.

एवढंच झालं, बाळांनो. बाकी सगळं झकास होतं. ओव्हनचा दिवा लागला होता. आतली काचेची थाळी गरगर फिरत होती. दर तासाला घंटा वाजत होती, टिंग! आणि दर टिंगला टिटवी दचकत होती.

तिचं नाव कालिंदी. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणारं घराणं. त्यात ही पदवीधर. म्हणजे आभाळ का कोसळेल, याची चार कारणंही हिला पाठ.

ओव्हन आला होता सिंहमहाराजांच्या कृपेने. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात असतात तसले ओव्हन महाराजांनी घरट्याघरट्यात वाटले. मंद आचेवर अंडी ठेवा म्हणाले, आणि प्रगती करा. तेव्हापासून अंड्यांवर बसणं अडाणीपणाचं ठरलं. बसणारीला सगळे ‘कोंबडी’ म्हणत.

कालिंदीने शेजारच्या साळुंकीला हाक मारली.

“सुशीलावहिनी, जरा बघता का? अंडी गार लागतायत हो.”

“दिवा लागतो ना?”

“लागतो.”

“थाळी फिरते ना?”

“फिरते, पण...”

“मग गार कशी लागतील? तुलाच ताप असेल.”

“तुमची गरम आहेत?”

“मी कशाला चोच लावू? सारखं दार उघडलं की आच जाते. कॉलेजात हे शिकवलं नाही वाटतं!”

कालिंदी घरी आली. तिने वाटीभर पाणी आत ठेवलं. दोन टिंग होईपर्यंत थांबली. मग चोच बुडवली. पाणी ओढ्यात होतं तेवढंच गार.

तिने सुतारपक्ष्याला बोलावलं. भिकाजी मिस्त्रींनी ओव्हनची पाठ ठोकून ठोकून उघडली, आत मान घातली आणि चटकन बाहेर काढली.

“बाई, हा दाखवायच्या कळीवर आहे.”

“म्हणजे?”

“दुकानात मांडतात ना, तसा. दिवा लागतो, थाळी फिरते, तापत मात्र नाही. उद्घाटनाला महाराजांच्या आयाळीला झळ लागू नये म्हणून सगळेच असे लावले होते. मग परत कोणी फिरवलेच नाहीत.”

“सगळेच? आणि कोणी विचारलं नाही?”

“तुम्ही पहिल्याच.”

“अहो, मग फिरवा ना ती कळ!”

“मी? त्यावर राजमोहोर आहे. ती फोडली तर माझी चोच छाटतील. सेवा केंद्राला फोन लावा.”

कालिंदीने फोन लावला. “आपण रांगेत चारशे बाराव्या आहात,” फोन म्हणाला. मग त्यात एक मोर ओरडू लागला. ते संगीत होतं.

कालिंदीने पुन्हा अंड्याला गाल लावला. अजून गारच. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चारही अंडी बाहेर काढली. आणि फोन कानाला लावून त्यांच्यावर चक्क बसली.

वहिनी डोकावल्याच. “अगं बाई! कोंबडी झालीस की!”

“वहिनी, तुमचाही तापत नाही. मिस्त्री सांगत होते. अंडी बाहेर काढा, पाया पडते!”

“हळू बोल, हळू! आमच्या ह्यांना परवाच आदर्श ओव्हनधारकाचं पदक मिळालंय.”

आणि वहिनी घरी गेल्या. पलीकडून आवाज आला, टिंग!

पंचवीस दिवस मोर ओरडला. पंचवीस दिवस जंगल हसलं. येता-जाता पाखरं ‘कॉक् कॉक्’ करून जात. कालिंदी प्रत्येक वेळी दचकली, पण उठली नाही.

सव्विसाव्या दिवशी मोर गप्प झाला.

“नमस्कार, सेवा केंद्र,” एक गोड आवाज म्हणाला. “ताई, दिवा लागतो ना?”

त्याच क्षणी कालिंदीच्या पोटाखाली कोणीतरी ठोकलं. टक्.

कालिंदी एवढी दचकली की फोन खाली पडला.

“हो रे राजा,” ती अंड्याकडे वाकून म्हणाली, “बोल. ऐकतेय मी.”

तात्पर्य : बाळांनो, अंडं गार लागलं तरी आपण दिव्याकडेच बघावं. घाबरट बायकांच्या नादी लागू नये. त्यांची पिल्लं तेवढी जगतात. पदक काही मिळत नाही.