पाळीवरचा साहेब

योगराजला इंग्रजी येत होतं, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली. अजिबात आलं नसतं तर कुणी त्याच्या वाटेला गेलं नसतं. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये तो अठरा वर्षं इंग्रजी पत्रं लिहीत होता, आणि लिहायचाही अशी, की वाचणाऱ्याला वाटावं, कोट घातलेला कुणी माणूस लिहितोय. पण तेच इंग्रजी तोंडाने बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. लिहिलेलं खोडता तरी येतं, बोललेलं काय खोडणार?

यंदा मिलचे मालक भैयाजी यांनी मलेशियाला तांदूळ पाठवायचं मनावर घेतलं, आणि तिकडच्या खरेदीदाराशी फोनवर बोलायला माणूस हवा झाला. मिलमध्ये अशी दोनच माणसं होती. एक योगराज, आणि दुसरा हिमांशु. हा हिमांशु नागपूरहून नुकताच आलेला, आणि इंग्रजी इतकं भराभर बोलायचा की त्यात चूक शोधायलाही कुणाला सवड मिळू नये.

"देखो योगराज," भैयाजी म्हणाले, "तू जुना माणूस, म्हणून पहिला मौका तुला. महिन्याभराने मलेशियावाले साहेब का फोन आयेगा. जमलं तर एक्सपोर्टची खुर्ची तुझी. नहीं जमा तो वहाँ हिमांशु बैठेगा, और तुम धरमकाटे पे."

धरमकाटा म्हणजे मिलच्या फाटकाजवळची पत्र्याची खोली. ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं, ट्रक उतरवायचा, की पुढचा तयार. दिवसभर भुशाची धूळ आणि ड्रायव्हरांची तोंडं. चाळिशी ओलांडलेल्या, कंबर धरलेल्या योगराजला नुसत्या विचारानेच थकवा आला. तसा तो आधीच थकलेला होता, पण हा वेगळा थकवा होता.

मोबाइलवर एक बाई इंग्रजी सुधारायचे उपाय सांगायच्या. काहीच न येणाऱ्यांसाठी नव्हे, बरंच येऊनही तोंड न उघडणाऱ्यांसाठी. त्यांचा उपाय सोपा होता. रोज अर्धा तास स्वतःशी मोठ्याने इंग्रजीत बोला. घरात हा प्रयोग दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी मंजूने, म्हणजे त्याच्या बायकोने, भाताचं आधण ठेवता ठेवता सांगितलं, "तुमी भायेर जाऊन बोला जी. मांजर घरात पाय टाकून नाई रायली."

मग तो तलावाच्या मातीच्या पाळीवर जाऊ लागला. हा तलाव आपल्या खापरपणजोबांनी बांधला, असं योगराजच्या घरातले सांगत. गावात तसं सांगणारी आणखी अकरा घरं होती. पाळीवर सकाळी वर्दळ कमी, आणि गावात फोनला धड रेंज मिळायची तीही तिथेच. एकट्याने बडबडलं तर लोक वेडा म्हणतील, म्हणून तो बंद फोन कानाला धरून बोलायचा. कानाला फोन असला की वेडाही कामाचा माणूस दिसतो.

तलावाचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं, हे बकाराम ठरवायचा. तो गावाचा पाणकर. दिवस उजाडला की तो तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, येऊन बसायचा. चार दिवस त्याने मुकाट्याने ऐकलं. पाचव्या दिवशी विचारलं, "कोनासंग बोलून रायतस गा रोज?"

"साहेब आहेत एक," योगराज म्हणाला.

"कुठले?"

"नागपूरचे." एकदा साहेब म्हटलं की त्याला गाव द्यावंच लागतं.

"मंग त्यायले सांग ना, तुडुम गळून रायलं म्हनून. धान निसवाले आला, अन् पानी नाल्यात चाललं. तीन साल झाले अर्ज देऊन रायलो."

"सांगतो, मामा."

"आत्ताच सांग. फोन चालूच आहे तुहा."

योगराजने बंद फोनमध्ये सांगितलं. तुडुमाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला येईना, तेव्हा तलाव, दार, पाणी, भोक अशी लांबण लावून त्याने वेळ मारून नेली. बकाराम उत्तराची वाट पाहत उभाच.

"काय म्हनले?"

योगराजने अंमळ विचार केला. "पाहतो म्हनले."

बकारामच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मंग मोठा साहेब आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावातली फुलवंता आली. तिच्या घरावर विजेचा खांब कलला होता, आज पडतो की उद्या अशी अवस्था. तिलाही साहेबांनी पाहतो म्हटलं. मग ही बातमी गावभर झाली. कुणाचा दाखला अडकलेला, कुणाचा रस्ता वाहून गेलेला, कुणाच्या घराची कौलं वानरं काढून फेकत होती. आठवड्याभरात पाळीवर रांग लागली. योगराज रोज संध्याकाळी मिलमधून थकून यायचा आणि उद्याच्या तक्रारींचे शब्द शोधत बसायचा.

एकदा तर फोन बंद करायचा राहिला, आणि कानाला धरलेला असतानाच तो वाजला. मंजू विचारत होती, येताना वांगे आणता का.

"हा कोनाचा?" बकारामने विचारलं.

"साहेबाचाच. दुसरा नंबर."

"दोन दोन नंबर आहेत," बकाराम मागच्यांना म्हणाला, आणि मागचे लोक आणखी पुढे सरकले.

पण खरं ते खरं, या लोकांनी त्याचं इंग्रजी सुधारलं. आधी नाव, गाव, नोकरी सांगून झालं की दहा मिनिटांत त्याच्याजवळचा विषय संपायचा. आता गळकं तुडुम, कललेला खांब, करपणारा धान यांवर तो न अडखळता बोलू लागला. वानरांवर तर तो सलग पाच मिनिटं बोलायचा. राहिला तो फक्त तांदूळ. त्याची जात, त्यातली ओल, तुटून निघालेल्या तुकड्याचं प्रमाण, यावर बोलायची पाळीच येईना. त्याने एकदा म्हणून पाहिलं, "आज मले तांदळाचं बोलाचं आहे." त्यावर फुलवंता म्हणाली, "ते मंग बोला जी. आधी खांब."

मलेशियाचा फोन गुरुवारी सकाळी आठला, मिल उघडायच्या आधी, योगराजच्याच मोबाइलवर येणार असं ठरलं. योगराज रात्रभर कूस बदलत पडला आणि सकाळी पाळीवर पोचला. "आज कोनी बोलू नका, हात जोडतो," त्याने सगळ्यांना सांगितलं. ठीक आठला फोन वाजला.

"रोज आधी हा लावत होता," बकाराम हळूच म्हणाला, "आज साहेबानं सोताहून लावला."

पलीकडच्या साहेबांनी नमस्कार-चमत्कार झाल्यावर नेमकं तांदळाचंच विचारलं. ओल किती, तुकडा किती. योगराजची जीभ टाळूला चिकटली. तो नुसता ऊं ऊं करत राहिला. बकारामला वाटलं, साहेब आज काही ऐकत नाही. त्याने योगराजच्या हातून फोन अलगद काढून घेतला.

"साहेब, रामराम. मी बकाराम, पानकर. पाहतो पाहतो म्हनून महिना झाला जी तुमाले. धान मरून रायला. तुमी या अन् डोळ्यानं पाहून जा." एवढं बोलून त्याने फोन फुलवंताला दिला. फुलवंताने खांब सांगितला, तिच्या मागच्याने वानरं सांगितली. मलेशियात सगळं ऐकू जात होतं.

फोन परत योगराजच्या हातात आला. साहेब विचारत होते, ही माणसं कोण, काय म्हणतात, कुणाला काही झालं का? आणि हे मात्र योगराजला तोंडपाठ होतं. तो बारा मिनिटं बोलला. कुठे अडकला नाही, कुठे मागे आला नाही. पाणी कसं वाया जातंय, दाणा भरायच्या वेळी धान कसा सुकतोय, खांब, कौलं, वानरं, सगळं त्याने ओळीने सांगितलं. इतकं स्पष्ट आजवर कुणी समजावून दिलं नव्हतं, असं म्हणून साहेबांनी आभार मानले आणि फोन ठेवला. समोरचा साहेब आज खरा होता, हे योगराजच्या त्यानंतर लक्षात आलं.

"काय म्हनले?"

"लय चांगलं सांगितलं म्हनले."

"पाहतो नाई म्हनले?"

"नाई."

बकारामचा चेहरा उतरला. "मंग काई खरं नाई," तो म्हणाला.

मिलमध्ये भैयाजींच्या टेबलावर मेल छापून ठेवलेला होता. योगराजच्या इंग्रजीची त्यात चार ओळी स्तुती होती. खाली लिहिलं होतं, की आपल्या माणसाने परिस्थिती इतकी नीट सांगितल्यामुळे यंदा तिकडे पीक कमी येणार हे आम्हाला कळलं, सबब तलावाचं दार, विजेचा खांब आणि वानरं यांचा बंदोबस्त झाल्याचे फोटो येईपर्यंत ऑर्डर थांबवत आहोत.

"इतनी अच्छी अंग्रेजी बोलने को किसने कहा था?" भैयाजींनी कपाळाला हात लावला. "हिमांशु बोलतो तर समोरच्याला ढेकळं कळत नाही. धंदे को वैसाच आदमी चाहिये."

हिमांशु खुर्चीवर बसला आणि योगराज धरमकाट्यावर गेला. भैयाजींनी सरपंचाला सांगून मिस्त्री पाठवला, लोखंडी दार पाठवलं, आणि चार दिवसांत तुडुम दुरुस्त झालं. ओळखीने दोन वायरमन आणून खांबही सरळ करून घेतला. वानरांचं काही जमलं नाही. फोटो गेले, ऑर्डर आली.

रविवारी सकाळी योगराज पाळीवर आला तो नुसता बसायला. काट्यावर इंग्रजीची गरज नव्हती, ड्रायव्हरांच्या हिंदीतच दिवस जायचा. पाहतो तर तिथे चाळीसेक माणसं, त्यांत शेजारच्या गावांचीही. बकारामने त्याच्यासाठी दगड पुसून ठेवला होता.

"लाव फोन," तो म्हणाला.

योगराजला आता खोटंही झेपेना. "मामा, साहेब नाई कोनी. फोनवर कोनीच नव्हतं. मी सोतासंगच बोलत होतो."

बकारामने तुडुमाकडे पाहिलं. एक थेंब गळत नव्हता. "नाई सांगाचं तं नको सांगू," तो म्हणाला, "पन लाव."

योगराजने बंद फोन कानाला लावला. आणि त्या दिवशी कुणाचंही सांगण्याआधी त्याने स्वतःचं सांगितलं. साहेब, एक माणूस आहे. अठरा वर्षं त्याने दुसऱ्यांची पत्रं लिहिली. आयुष्यात एकदाच चांगलं बोलला, म्हणून त्याला धुळीत बसवलं. त्याची कंबर दुखते, आणि त्याला फार वाईट वाटतं. इंग्रजीत एक चूक झाली नाही, आवाज तेवढा मध्ये दोनदा बसला. कुणाला काही कळलं नाही, पण रांग जागची हलली नाही.

"तुहंच काम होतं ना हे?" बकारामने विचारलं. "काय म्हनले?"

योगराजने फोन खिशात टाकला. "पाहतो म्हनले."

"मंग होते गा," बकाराम त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "तुडुमाले तीन साल लागले."