तीनशे पिढ्यांपूर्वीची पणजी

व्होल्गाकाठच्या एका संशोधन केंद्रात, अठ्ठेचाळीस सालच्या एका सोमवारी, आनुवंशिकता बंद झाली. बंद म्हणजे बंदच, वरून तसं पत्रच आलं. शनिवारपर्यंत पोरं आईबापावर जात होती, सोमवारपासून नाही.

यात गोची झाली आग्निया प्लातोनोव्नाची! कारण त्या देशात फळमाश्या पाळून, आईचे पांढरे डोळे लेकांतच कसे उतरतात हे मोजत बसणारी जी पहिली चार टाळकी होती ना, त्यातली ही एक. बारा वर्षं, दोनशे बाटल्या. बाटलीत रव्याची खीर, वर मनुका, आणि आत माश्या. युद्धात बाई स्वतः उपाशी झोपली, पण माश्यांच्या मनुकांना हात लावला नाही!

मंगळवारी चौकशी समिती हजर. अध्यक्ष कॉम्रेड पुझानोव.

"लिहून द्या, वाडवडिलांचं काही उतरत नसतं. बाटल्या वाचतील."

आग्नियानं एकदा बाटल्यांकडे बघितलं आणि दिलं लिहून! पुझानोवनं खाली सहीसुद्धा ठोकली.

"शाब्बास. आता हा फॉर्म. वडील काय करायचे?"

"शाळामास्तर."

"आजोबा?"

"...पाद्री."

पुझानोवनं चष्मा काढला. "मग ते देवाधर्माचं खूळ तुमच्यातही असणारच."

"अहो, आत्ताच ठरलं ना, काही उतरत नाही म्हणून?"

"ते माश्यांचं, आग्निया प्लातोनोव्ना. माणसांची आम्ही चौकशी करतो."

"बरं, मला काढा. माश्या काही पाद्र्याच्या नाती नाहीत, त्यांना तरी राहू द्या!"

म्हणून मग माश्यांचाही फॉर्म भरला. मूळ ठिकाण: अमेरिका.

समितीचा चहा खाली ठेवला गेला.

"कॉम्रेड, बारा वर्षांत तीनशे पिढ्या इथं झाल्या! इथलाच रवा खाल्ला!"

"पण पणजी अमेरिकेचीच ना?"

"तीनशे पिढ्यांपूर्वीची!"

"रक्त कुठं जातंय, बाई?"

"रक्ताचं काही नसतं, खाली सही तुमची आहे!"

समिती दोन तास विचारात पडली. मुरंब्याची बरणी संपली, तेव्हा निर्णय झाला: 'आनुवंशिकता अस्तित्वात नाही. तथापि ती पसरू नये म्हणून सदर माश्या उकळण्यात याव्यात.'

झाडलोट करणाऱ्या ग्लाशामावशीचं कोबीचं पातेलं जप्त झालं. "मेल्यांनो, मी सूप करते त्यात!" मावशी ओरडत राहिली. बाटल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. आग्निया बघत उभी होती, डावा हात अंगाशी घट्ट धरून. बगलेत, लोकरी कोटाच्या आत, एक काचेची नळी होती. आत सात माश्या.

संध्याकाळी नवे प्रमुख रुजू झाले. वय सव्वीस, आडनाव पुझानोव.

"ह्याला काय कळतं माश्यांतलं?" मावशीनं विचारलं.

"अहो, माझाच मुलगा आहे," अध्यक्ष म्हणाले. "उपजतच येतं."

आग्निया फाटकातून बाहेर पडली. सात माश्या, बगलेतल्या उबेत, पुढच्या पिढीच्या तयारीला लागल्या होत्या.

ही गोष्ट ऐकताना सगळे पोट धरून हसतात. हसून हसून डोळे पुसतात. आणि मग, जरा पुढं सरकून, हळूच विचारतात, "बरं, पण ही बाई मुळात कोणातली?"