दोन नळकांडी, एक शाब्बास

माझ्या पिकअप ट्रकच्या सायलेन्सरला करंगळीएवढं भोक पडलं. बस्स, एवढंच झालं होतं. शहाण्या माणसानं ते बुजवून घेतलं असतं आणि घरी येऊन जेवला असता. मी वेल्डनच्या गॅरेजमध्ये गेलो. (शहाण्या माणसाचा या गोष्टीशी संबंध इथंच संपतो.)

वेल्डन म्हणजे टेक्सासच्या आमच्या कोपऱ्यातला सायलेन्सरसम्राट. त्याच्या भिंतीवर शिंगवाल्या हरणांची अकरा मुंडकी ओळीनं टांगलेली.

"एवढी हरणं तुलाच कशी रे मिळतात?" मी विचारलं.

"सगळी धंद्याची कृपा," तो नम्रपणे म्हणाला आणि ट्रकखाली शिरला. तिथूनच ओरडला, "लेलंड, भोक कसलं बुजवतोस? डबल बसव! दोन बाजूंना दोन पाइप!"

डबल! अहो, तो शब्द ऐकल्यावर माझ्या अंगावर काटाच आला. पाण्याचे मीटर वाचण्यात माझी उभी हयात गेली. माझ्या आयुष्यात डबल असं काही कधी झालंच नव्हतं. (हनुवटी सोडून.)

वेल्डन नमुने तोंडानंच वाजवून दाखवतो. "हा पहिला," म्हणून त्यानं हळूच 'गुब-गुब-गुब' केलं. "पाद्रीबाबांना हाच बसवलाय. हा दुसरा," म्हणून घशातून 'घुर्रर्र' काढलं. तिसऱ्याला मात्र त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली, छाती भरून घेतली आणि असं काही 'धडाड्-धड्-धड्' केलं की दारातलं कुत्रं उठून शेजारच्या न्हाव्याकडे जाऊन बसलं.

"तिसरा!" मी जवळजवळ किंचाळलोच.

"तुझ्या सासऱ्यांनी शिकारीसाठी भाड्यानं घेतलेलं रान ओढ्याच्या अलीकडचंच ना अजून?"

"हो की. पलीकडे तुझं. का रे?"

"सहज. मग तिसराच घे बाबा. शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय, त्याच्या आत बसवून देतो. आणि पाइपांची चकचकीत तोंडं माझ्याकडून भेट!"

माणुसकी अजून शिल्लक आहे, असं मला त्या क्षणी वाटलं.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. आल्विन क्रेनेक, वय अठ्ठ्याहत्तर. येत्या डिसेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन, त्यानंतर मचाणाची शिडी चढायला डॉक्टरांची सक्त मनाई. म्हणजे हा शेवटचा हंगाम. सहा वर्षांत त्यांना एकही हरण मिळालेलं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या माणसानं मला एकदाही 'शाब्बास' म्हटलेलं नाही. नावानंसुद्धा हाक मारत नाहीत, 'ए पाणीमीटर' म्हणतात. त्यांनी यंदा प्रथमच मला म्हटलं होतं, "पाणीमीटर, मचाणापर्यंत सोडशील?" मी किती हरखलो होतो, काय सांगू!

शुक्रवारी संध्याकाळी मी नव्या पाइपांचा ट्रक घेऊन घरी आलो. ओट्यावरच्या बश्या थरथरल्या. बायको, व्हर्ना, पोळपाटावरचं लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"कसा वाटतो?" मी ओरडून विचारलं.

"काय?" ती ओरडली.

मी इंजिन बंद केलं. "आवाज गं! कसा वाटतो?"

"लेलंड, उद्या बाबांना हरणं मारायची आहेत, की बहिरी करायची आहेत?"

(हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आनंदात मुद्दे येत नाहीत.)

शनिवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो. मी पाय अगदी पिसासारखा ठेवला होता, पण तो पाइप पिसालाही दाद देईना. टेकडीवर चढलो तेव्हा ओढ्याकाठचं अख्खं रान दणाणलं. सासरे नुसते डोळे मिटून बसले. मग साडेतीन तास मचाणावर. हरण सोडा, खारसुद्धा फिरकली नाही. उतरताना म्हातारा गुडघा धरून म्हणाला, "संपला माझा हंगाम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी व्हर्नानं हुकूम सोडला, "ते धूड काढून ये. आणि बाबांना बरोबर ने, त्यांच्यासमोर काढ."

गॅरेजमध्ये शिरलो, तर काउंटरवर दहा टोकांची ताजी शिंगं आणि शेजारी वेल्डन, नुसता फुललेला.

"कधी मारलंस रे?" सासऱ्यांनी विचारलं.

"शनिवारी! उजाडलं, आणि आलं की पळत समोर! मागे वाघ लागल्यासारखं!"

"कुठल्या बाजूनं?"

वेल्डनची जीभ अडखळली. "अं... ओढ्याच्या अलीकडून."

सासऱ्यांनी भिंतीवरची अकरा मुंडकी सावकाश पाहिली. मग माझे पाइप पाहिले. मग वेल्डनला विचारलं, "तुझ्या रानाशेजारच्या शिकाऱ्यांपैकी किती जणांना हा तिसरा नंबर बसवलायस?"

वेल्डन म्हणाला, "कॉफी घेणार?"

बाहेर आल्यावर सासऱ्यांनी माझा दंड धरला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे चमकत होते. "पाणीमीटर, हा पाइप काढलास तर याद राख!"

पुढच्या शनिवारी त्यांना व्हर्नानं आपल्या बिनआवाजाच्या गाडीतून मचाणावर पोचवलं. मी एकटा लांबचा वळसा घालून वेल्डनच्या रानामागच्या सरकारी रस्त्यावर उभा. सात वाजले आणि मी पाय दाबला. काय सांगू महाराजा! धडाड्-धड्-धड्! कुंपणाच्या तारा वाजल्या, गिधाडं उडाली, वेल्डन आपल्या मचाणावर उभा राहून दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होता. (ऐकू आलं नाही. पण मी त्याला हात केला.) आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोळीचा आवाज म्हणे तीन मैल गेला, मला मात्र व्हर्नाच्या फोननं खिसा थरथरला तेव्हा कळलं.

तसाच ट्रक हाणत मचाणाशी पोचलो. बारा टोकांचं हरण! आणि शेजारी सासरे, गालांवरून पाणी ओघळतंय. मला बघताच काठी टाकून, दोन्ही हात पसरून ते लंगडत लंगडत निघाले. चौदा वर्षं! मीही हात पसरले. 

ते माझ्या बाजूनं पुढे गेले आणि ट्रकच्या मागच्या फाळक्याला मिठी मारून म्हणाले, "शाब्बास, बेटा!"

मग मान वळवून म्हणाले, "ए पाणीमीटर, नुसता उभा काय राहिलास? हरण उचल."