दादांची अदलाबदल

बस डेपोच्या हॉकी संघाने बेकरीच्या संघाकडून सात गोल खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी कंट्रोलरने डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये आपली योजना मांडली. कंट्रोलर म्हणजे कोणत्या ड्रायव्हरने कोणती बस न्यायची हे ठरवणारा माणूस. एक आजारी पडला की दुसऱ्याला उचलून त्याच्या जागी बसवायचे, हे त्याचे रोजचे काम. ज्याला उचलायचे त्याला विचारण्याची डेपोत पद्धत नव्हती. फळ्यावर खडूने नाव बदलले, की माणूस बदलला.

"साहेब, आपले अकरा काही वाईट नाहीत," तो म्हणाला. "बाराव्यापासून पुढे बोंब आहे. काल सेंटर फॉरवर्डच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा बदली कोण उतरलं? कॅन्टीनचा आचारी. स्टिक धरतो झाऱ्यासारखी."

"चेंडू तळायचा तेवढा बाकी ठेवला होता त्यानं," कॅप्टन म्हणाला. कॅप्टन एरवी कंडक्टर होता आणि पराभवाचेही सुटे पैसे मोजून परत करावेत तसा बोलायचा.

"म्हणून म्हणतो, राखीव फळी भक्कम करू. बेकरीकडे एक डावा विंगर जास्तीचा आहे, आणि गोलकीपर दोन. विंगर आणि त्यांचा दुसरा गोलकीपर आपण घ्यायचे. शिवाय तो पोस्टमन. टपालवाल्यांचा संघच नाही, त्यामुळे तो मोकळा आहे. साऱ्या गल्लीतली कुत्री त्याच्या मागे लागतात, अजून एकालाही सापडलेला नाही."

"आणि बेकरीला द्यायचं काय?" मॅनेजरनी विचारले.

कंट्रोलरने घसा साफ केला. "आचारी. आणि... आपला गोलकीपर."

डेपोचा गोलकीपर म्हणजे वर्कशॉपमधले सर्वांत जुने मेकॅनिक. संघ त्यांना एके काळी 'भिंत' म्हणायचा, हल्ली पाठीमागे 'फाटक' म्हणायचा, आणि कंट्रोलर त्यांना 'दादा' म्हणायचा, कारण ते त्याच्या बायकोचे थोरले भाऊ होते. त्याला डेपोत चिकटवले होते तेही त्यांनीच.

"दादांना सांगितलंस?" कॅप्टनने विचारले.

"सांगतो ना. घरचाच माणूस आहे."

"आधी सांग," मॅनेजर म्हणाले. "मग पुढचं."

सांगायला संधी रोजच होती. बायको वारल्यापासून दादा रात्री बहिणीकडेच जेवत. त्या रात्री कंट्रोलरने तोंड उघडले, पण दादांनी आधी उघडले.

"जावईबापू, त्या सातातले दोन गोल माझे हो," ते म्हणाले. "पाय जरा लांब राहिले. पण पुढच्या वेळी नाही. जुन्या टायरचं रबर कापून नवे पॅड शिवलेत. बघाच तुम्ही."

"पाच तरी दुसऱ्यांचे ना?" बायको म्हणाली. "तू कशाला मनाला लावून घेतोस? अहो, सांगा की दादाला."

"तेच सांगणार होतो," कंट्रोलर म्हणाला आणि त्याने आणखी भात मागितला. पोटात जागा नव्हती, पण भरल्या तोंडाने बोलावे लागत नाही.

बेकरीच्या मालकाशी मात्र त्याची जीभ सुरळीत चालली. विकायचा माल म्हटल्यावर वाखाणायला हवाच. "वाघ आहे वाघ!" तो फोनवर म्हणाला. "डोळ्यांत तेल घालून गोल सांभाळतात. त्यांच्यासारखा माणूस डेपोत पुन्हा होणे नाही."

"मग देताय कशाला?" बेकरीवाल्यांनी रास्त प्रश्न विचारला.

"त्यांचीच इच्छा आहे," कंट्रोलरच्या तोंडून निघून गेले. "नवं मैदान बघायचंय म्हणतात."

बेकरीवाले रीतीभातीचे गृहस्थ होते. एवढा मोठा खेळाडू आपण होऊन येतोय म्हटल्यावर त्याला घरी जाऊन मानाने घेऊन यावे, असे त्यांना वाटले. दादांच्या घराला कुलूप दिसले, शेजाऱ्यांनी बहिणीचा पत्ता दिला, आणि ऐन जेवणाच्या वेळी ते कंट्रोलरच्या दारात केकचा खोका घेऊन उभे राहिले. केकवर साखरेचा गोलकीपर होता. पोटासकट हुबेहूब दादा.

"या गोलकीपरसाहेब, आमच्या संघात आपलं स्वागत!" ते म्हणाले.

दादांनी केककडे पाहिले, मग कंट्रोलरकडे. कंट्रोलर मिठाची बाटली न्याहाळत होता.

"तुमची इच्छा कळली आणि आम्ही तर हरखलोच," बेकरीवाले खुर्ची ओढून बसले. "नवं मैदान बघायचंय म्हणालात ना?"

"अहो," बायको सावकाश म्हणाली, "दादाला नवं मैदान कधी बघायचं होतं?"

कंट्रोलरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बेकरीवाल्यांना वाटले, संकोच होतोय. त्यांनी मदत केली. "तुमचे जावईबापू किती बोलत होते तुमच्याबद्दल! वाघ म्हणाले. डोळ्यांत तेल घालून गोल सांभाळतात म्हणाले."

"असं म्हणाले हे?" दादांनी चष्मा काढला. "अगदी डोळ्यांत तेल?"

"शब्दशः."

"इतकी वर्षं पाटाला पाट लावून जेवतोय," दादा चष्मा पुसत म्हणाले, "कधी बोलला नाहीत हो."

भांड्यांच्या मांडणीमागे माणूस मावत असता, तर कंट्रोलर तिथे गेला असता. दादांनी केक कापला, साखरेचा गोलकीपर तेवढा शाबूत ठेवला आणि पहिला तुकडा कंट्रोलरच्या ताटात वाढला.

निघताना दादा बूट घालत खाली वाकूनच म्हणाले, "तुम्ही शब्द दिलाय, तो मी पाळतो. मागितलं असतंत तर नाही म्हटलं नसतं. नुसतं विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवसापासून दादा जेवायला येईनासे झाले. 'बेकरीत सराव असतो' असा निरोप यायचा. बायको रोज त्यांचे ताट मांडायची आणि तसेच उचलायची. साखरेचा गोलकीपर तिने फ्रिजमध्ये ठेवला होता. पाण्याची बाटली काढायला गेले, की तो हात पसरून समोर उभा.

पुढचा सामना बेकरीशीच होता. विंगर बरा खेळला. पोस्टमन वाऱ्यासारखा धावला, पण सवयीने मागे बघत धावला, त्यामुळे चेंडू पुढे कुठे आहे ते त्याला कळेना. आणि नवा गोलकीपर निघाला भट्टीवाला. तो भल्या पहाटे कामाला लागायचा आणि संध्याकाळी उभ्याउभ्या झोपायचा. तिसरा गोल गेला तेव्हा तो खांबाला टेकून घोरत होता. बेकरीने त्याला दुसरा का ठेवला होता, हे कंट्रोलरने विचारलेच नव्हते. विचारण्याची सवय कुठे होती?

"राखीव गोलकीपर कोण?" पंचांनी विचारले.

"हा काय," कॅप्टनने बोट दाखवले. राखीव फळी भरगच्च दिसावी म्हणून कंट्रोलरने स्वतःचेच नाव देऊन ठेवले होते.

दादांनी मागे ठेवलेले टायरचे पॅड बांधून तो गोलमध्ये उभा राहिला. पॅड मांडीपर्यंत आले आणि लाज टाळूपर्यंत. चौथा गोल पायांमधून गेला.

"जावईबापू, पाय जवळ घ्या!" मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून आरोळी आली. "मधून बस जाईल!"

"अहो, तुम्ही आमचे गोलकीपर!" बेकरीवाले बाहेरून ओरडले.

"पण तो आमचा जावई!" दादांनी ओरडून सांगितले. "डावीकडे सरका! चेंडूकडे बघा, आभाळात काय आहे?"

शेवटी एक चेंडू कंट्रोलरने अडवला. म्हणजे तोंड लपवायला तो पाठमोरा वळला आणि चेंडू टायरवर आपटून परत गेला. अख्ख्या मैदानात एकच माणूस टाळ्या वाजवत होता, तोही समोरच्या संघाचा. कंट्रोलरने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो डेपोच्या फळ्यापाशी खडू घेऊन उभा असताना बेकरीवाल्यांचा फोन आला.

"एक अदलाबदल सुचवायची होती," ते म्हणाले. "आमच्याकडे एक गोलकीपर आहे. वाघ आहे वाघ! डोळ्यांत तेल घालून..."

"थांबा," कंट्रोलर म्हणाला. "आधी त्यांना विचारलंत का?"

"विचारलंत का काय? नंबर त्यांनीच लावून दिलाय. हे काय, शेजारी बसून बिस्किटं खातायत. कालपासून एकच धोशा, घरचं जेवण, घरचं जेवण."

मग काहीतरी खुडबुडले आणि दादांचा आवाज आला. "जावईबापू, माझा भाव पाडू नका. विंगर तर परत द्याच, वर पोस्टमन द्या. त्याहून कमीत मी यायचा नाही. आणि रात्री जेवायला येतोय. त्या केकवरचा मी उरलोय ना अजून?"

कंट्रोलरचा हात सवयीने फळ्याकडे गेला होता. त्याने खडू खाली ठेवला.

"पोस्टमनला विचारून सांगतो," तो म्हणाला.